पेढ्यांआधी व्हिसा दाखवा

श्रोतेहो, मी आयटीआयमध्ये शिकवतो. त्याआधी अकरा वर्षं मस्कतला एसी दुरुस्तीची कामं केली. त्यामुळे आठवड्याला दोन-चार फोन ठरलेले. "सर, पोराला आखातात पाठवू का?" आणि त्याला जोडूनच, "एजंटला किती द्यायचे?" पहिल्याचं उत्तर एका शब्दात देतो. पाठवा. दुसऱ्याला मात्र आजचा सगळा वेळ लागेल असं दिसतंय.

पाठवा म्हणतो ते नुसत्या पगारासाठी नाही. मस्कतला पहिल्या आठवड्यात गच्चीवरच्या एका युनिटचा मेन स्विच मी बंद केला आणि काम सुरू केलं. फोरमननं मला खाली बोलावलं, हातात एक लाल कुलूप दिलं आणि सांगितलं, स्विचला हे लाव, चावी स्वतःच्या खिशात ठेव, मग वर जा. तू वर असताना खाली कुणी स्विच चालू केला तर? आपल्याकडे आपण काय करतो? खाली एक पोरगा उभा करतो, "कुणाला हात लावू देऊ नको रे." तो पोरगा चहाला जातो. त्या कुलपानं मला जे शिकवलं ते आज मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो. बाहेर जाऊन हाताला अशी शिस्त लागते, ती आयुष्यभर पुरते. कोकणातल्या पोरांना मुंबई जशी परकी वाटत नाही, तशी दुबई-मस्कतही वाटू नये.

आता पैशाचं. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याला तुमच्याकडून घेता येणारी फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये, वर जीएसटी. पावतीसह. नोंदणी खरी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून फुकट बघता येतं. आणि त्या एजंटचा म्हणून गावात हिंडणारा जो 'आपला माणूस' असतो ना, त्याला कायद्यात जागाच नाही. तो तुमचा मेहुणा असला तरी नाही.

पण आज मला कळकळीनं सांगायचं आहे ते वेगळंच. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका. पुन्हा सांगतो, रेडिओ बारीक केला असेल तर मोठा करा. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नका.

ही पळवाट आली कुठून, ते समजून घ्या. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. अशा माणसाला आखातातल्या देशांसकट ठरावीक अठरा देशांत कामाला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. मंजुरी देताना करार बघतात, मालक कोण ते बघतात, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढायला लावतात. हप्ता दोन वर्षांचा पावणेतीनशे रुपये. ही मंजुरी म्हणजे तुमच्या अंगावरचं चिलखत. आणि फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही! म्हणून एजंट तुम्हाला कागदोपत्री पर्यटक करतो. दहावी-बारावी झालेल्यांना तर ही मंजुरी सहसा लागतच नाही, त्यामुळे त्यांचा कागद त्यांनी स्वतःच वाचला पाहिजे. वाचतात का? नाही.

माझा एक विद्यार्थी. वेल्डिंगचा, हात अतिशय स्वच्छ. दोन वर्षांपूर्वी वडिलांबरोबर पेढे घेऊन आला. परवाची फ्लाइट, म्हणाला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये व्हिसा, कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलेलं. मी चष्मा लावून वाचला. व्हिजिट. मुदत साठ दिवस. खाली बारीक अक्षरात, काम करण्यास परवानगी नाही. मी वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, सगळे असेच जातात. तिथं गेल्यावर कंपनी बदलून देते." दिले होते एक लाख चाळीस हजार. आईच्या बांगड्या गहाण.

अहो, कंपनीला तुमचा मुलगा खरंच हवा असेल तर ती इथेच एम्प्लॉयमेंट व्हिसा पाठवेल की! काही देशांत व्हिसा तिथं बदलता येतो, हे खरं. पण तो बदलेपर्यंत तुम्ही कुणाचे कामगार? कुणाचेच नाही. पगार बुडाला तर दाद मागायला करार नाही, आणि पकडले गेलात तर दंड भरून परत. तो मुलगा दोन महिन्यांनी परत आला. कागदावरच्या पत्त्यावर कंपनीच नव्हती. बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. पेढे मी तेव्हा खाल्ले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि हे फक्त वेल्डर-फिटरचं दुखणं आहे, असं इंजिनियर मुलांनी समजू नये. थायलंडला कॉम्प्युटरवरची नोकरी म्हणून नेलेल्या शिकलेल्या मुलांना तिथून म्यानमारमध्ये डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं जात होतं. परराष्ट्र मंत्रालयाला २०२२ साली त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. व्हिसा कुठला होता? पर्यटकाचा. इंग्रजी फाडफाड बोलता, आणि व्हिसावरची एक ओळ वाचत नाही!

बाकीचं थोडक्यात. करारात मूळ पगार किती, ते बघा. एकूण आकडा मोठा दाखवून मूळ पगार कमी ठेवतात, आणि दुबईसारख्या ठिकाणी नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात. पासपोर्ट आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवा. पगार बँकेतूनच घ्या. जर्मनीबद्दल नर्सिंगच्या मुली विचारतात. जरूर जा, पण आधी जर्मन शिका. बी-वन, बी-टू पातळीच्या परीक्षा हसतखेळत होत नाहीत, वर्ष-दीड वर्ष धरून चाला. महाराष्ट्र सरकारनं २०२४मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्याची चौकशी करा.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. ज्यांच्याकडे कागद आला आहे आणि कळत नाही, त्यांनी तो घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर मी वर्कशॉपमध्येच असतो. तो वेल्डर मुलगाही असतो हल्ली, ट्रेड टेस्टची तयारी करतो. व्हिसा आता तोच आधी वाचतो, मग माझ्याकडे देतो. पेढे आणू नका. आणलेत तर व्हिसा वाचून होईपर्यंत पुडा बांधलेलाच राहील.