दुष्काळ जाहीर होतो म्हणजे काय?



पुण्याच्या महात्मा फुले मंडईत कोथिंबिरीची जुडी महागली, की शहरातल्या बायांना कळतं, पावसानं ओढ दिलीय. आपल्याला ते त्याआधीच विहिरीवर कळतं. पण विहीर आटली म्हणून सरकारदरबारी दुष्काळ लागत नाही. तो ठरतो कसा, ते आज बघू.

पूर्वी सगळा भर पैसेवारीवर असायचा. 2016 मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. आता आधी पाऊस बघतात: सरासरीपेक्षा किती कमी पडला, मध्ये तीन-चार आठवडे खंड पडला का? मग पेरणी, जमिनीतली ओल, भूजल आणि उपग्रहातून दिसणारी पिकं. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर आणि शिरूर होते. पुढे नोव्हेंबरात आणखी 1021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तिथं जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, पीककर्जाची वसुली थांबवणं, मुलांची परीक्षा फी माफ आणि गरजेप्रमाणे टँकर, अशा सवलती मिळाल्या.

म्हणून आपलं गाव कोणत्या महसूल मंडळात येतं, हे प्रत्येकीला माहीत हवं. पावसाची नोंद मंडळावर होते. आपलं शिवार कोरडं आणि मंडळाच्या गावाला पाऊस, असंही होतं. मंडळाचं नाव तलाठी सांगतील.

माहिती कुठं मिळेल? पावसाचा अंदाज हवामान खात्याकडून, म्हणजे पुणेकरांच्या सिमला ऑफिसातून आणि ‘मेघदूत’ ॲपवर. मंडळाचा रोजचा पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर. विहिरींची पाणीपातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. मोबाईल जमत नसेल, तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी मात्र तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय खरी धरू नका.

आणि बायांनो, बचत गटाच्या वहीत एक पान पाण्यासाठी ठेवा. दर आठवड्याला विहिरीला किती हात दोर लागला, हातपंप कधी बंद पडला, टँकर कधी आला, तारखेसह लिहा. ग्रामसभेत टँकरचा ठराव मांडताना ते पान पुढं ठेवा. नुसतं ‘पाणी नाही’ म्हटलं तर ऐकून सोडून देतात. तारखा वाचून दाखवल्या, की उत्तर द्यावं लागतं.