नुकसान ग्राहकाचे, दंड सरकारी तिजोरीत

(उलवे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हॅकर आणि संगणक यांच्याशी चळवळीतल्या माणसाचा संबंध काय? जमीन, पाणी, रोजगार हे आपले प्रश्न. काही वर्षांपूर्वी माझेही मत असेच होते. निवृत्तीनंतर एके दिवशी मला एक फोन आला. बोलणाऱ्याला माझे पूर्ण नाव, निवृत्तीची तारीख आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ठाऊक होते. पैसे वाचले. परंतु ज्या संस्थेकडे ही सारी माहिती होती तिला विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "आमच्याकडून काही गेलेले नाही, तुम्हीच कोणाला तरी सांगितले असेल." माहितीपासून होणारा लाभ संस्थेचा आणि ती फुटल्याचा दोष मात्र ग्राहकाचा, असा हा हिशेब आहे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नव्हे. जुलै २०१७ मध्ये एका संकेतस्थळावर रिलायन्स जिओच्या ग्राहकांची नावे, मोबाइल क्रमांक, ईमेलचे पत्ते असा तपशील दिसू लागला. अनेक पत्रकारांनी ओळखीचे क्रमांक घालून पाहिले, तो जुळला. कंपनीने प्रथम सांगितले की, ही माहिती खरी दिसत नाही, ग्राहकांची माहिती सुरक्षित आहे. थोड्याच दिवसांत तिनेच आपल्या यंत्रणेत बेकायदा प्रवेश झाल्याची तक्रार नवी मुंबई पोलिसांकडे केली. राजस्थानातून एका तरुणाला अटकही झाली. त्या वेळी जिओचे ग्राहक दहा कोटींच्या वर होते. गुन्हा नोंदला गेला तो कंपनीच्या तक्रारीवरून. म्हणजे कागदोपत्री पीडित ठरली कंपनी. ज्यांची नावे चव्हाट्यावर आली ते ग्राहक त्या फिर्यादीत कोठेच नव्हते.

"आमच्याकडेही चोरीच झाली, आम्हीही पीडितच" हा मोठ्या कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. शेजारच्या उरणला तेलाच्या आणि वायूच्या टाक्या आहेत. उद्या कोणी समाजकंटकाने त्यांतील एखादी टाकी फोडली, तर "फोडणारा दुसराच होता" असे म्हणून मालकाला सुटता येईल काय? दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये सांगितले की, धोकादायक व्यवसाय करून नफा मिळवणाऱ्या उद्योगाची जबाबदारी निरपवाद आहे, आणि उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी असली पाहिजे. भोपाळची जखम तेव्हा ताजी होती.

कोट्यवधी माणसांची माहिती एका ठिकाणी साठवणे हाही आज धोकादायक व्यवसाय आहे. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या आपल्या पट्ट्यात माहितीची प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत. रसायनांच्या साठ्याला जो नियम, तो या साठ्याला का नसावा?

आता अर्थशास्त्राकडे वळू. सुरक्षेवर खर्च करायचा तो कंपनीने. खर्च न केल्यास तोटा व्हायचा तो ग्राहकाचा. अशा स्थितीत कंपनी सुरक्षेवर कमी खर्च करणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीचे उदाहरण पाहा. तिच्या प्रणालीतील एक फट बुजवण्याचा उपाय मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाला होता. तो वेळेवर केला गेला नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. मात्र २०१९ च्या तडजोडीत ग्राहकांसाठी ४२ कोटी ५० लाख डॉलरपर्यंतचा स्वतंत्र निधी कंपनीला मान्य करावा लागला.

आपल्याकडे काय आहे? माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले. सुरक्षेत हयगय करणाऱ्या कंपनीने नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यावी, असे ते सांगत होते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालवण्याची सोय या कायद्यात होती. पुण्यातील एका उद्योगाच्या खात्यातून फसवणुकीने सुमारे ८० लाख रुपये गेले, तेव्हा महाराष्ट्राच्या सचिवांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. फसव्या ईमेलला उत्तर देण्याची चूक ग्राहकाची होती; तरीही बँकेची ढिलाई माफ झाली नाही.

पुढे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यातही भरपाईचा अधिकार होता. परंतु ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो उरला नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा मोठा आहे, पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा व्हायचा. ज्याची माहिती चोरीस गेली त्याच्या हाती छदामही नाही. इतकेच नव्हे, हाच कायदा कलम ४३-अ वगळतो. उलट, क्षुल्लक तक्रार केली असे ठरल्यास ग्राहकालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड!

या कायद्याची अंमलबजावणीही बोलकी आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. माहितीच्या अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र तत्काळ लागू केले. सरकारला घाई कशाची होती, हे यावरून दिसते.

आपण दंड पुरेसा मानला, तर एक अडचण उरते. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली पुण्याची सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर हल्ला करून बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून पैसे काढले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. सहकारी बँकेचा तोटा अखेर सभासदांच्याच पदरी पडतो. म्हणून जबाबदारीबरोबर प्रतिबंधही हवा, आणि लहान संस्थांना सुरक्षेसाठी सामायिक यंत्रणा हवी. हे काम सहकारी चळवळीनेच हाती घ्यावे.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. भरपाईचा अधिकार कायद्यात परत यावा. ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर असावा; बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे तत्त्व २०१७ मध्येच मान्य केले आहे. आणि गरजेपेक्षा अधिक माहिती कोणी गोळा करू नये. येथे आपणही आत्मपरीक्षण करावे. आपल्या पतसंस्थांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या कपाटांत आधारकार्डांच्या किती झेरॉक्स प्रती उघड्या पडल्या आहेत?

शेवटी एक आठवण. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच परिसरातील शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जमीन आमची, तर विकासातला वाटाही आमच्याच हाती पडला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे होते. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे सरकारला मान्य करावे लागले. कालची जमीन आणि आजची माहिती यांत फरक पुष्कळ आहेत. न्यायाचे सूत्र मात्र एकच आहे: ज्याचे गेले, भरपाई त्याच्याच हाती. उलव्याच्या माणसाला हे सूत्र नव्याने शिकवावे लागणार नाही.