वेढा नसलेला किल्ला
(अद्भुतकथा-लेखकांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण, महाड)

रात्रभर एसटीचे धक्के खात आलेल्या लेखकमित्रमैत्रिणींनो,

महाडकरांच्या वतीने आपलं स्वागत. मी लेखक नाही, पेठेतला दुकानदार. गल्ल्यावर बसून तुमच्या कादंबऱ्या वाचतो, म्हणून दुकानदाराचीच तक्रार मांडतो. तुमच्या काल्पनिक किल्ल्यांना सतत वेढेच का पडतात? टोल्किनच्या मिनास तिरिथला पडला, ठीक आहे. पण वेढा उठल्यावर गडावर मीठ कोण आणतं, जकात किती घेतं?

शेजारच्या रायगडाकडेच बघा. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघून पाचाडला पोचला, तेव्हा शिवाजी महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते. साहेब थांबला. सोबत नारायण शेणवी दुभाषी, आणि महाराजांकडून बोलणी चालवायला निराजीपंत. मागण्यांची वीस कलमं. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी, अडीच टक्के जकात. घोडं अडलं ते दोन ठिकाणी: इंग्रजांची नाणी इथे चालावीत का, आणि फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजातला माल कोणाचा? कोकणच्या रिवाजाप्रमाणे तो मुलखाच्या धन्याचा. यावरच एक अख्खी कादंबरी उभी राहील. तलवार उपसायची गरज नाही.

६ जूनला राज्याभिषेक झाला. सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता, असं साहेबाने नोंदवलंय. तो न्यायाचा, हे खरं. मला मात्र तराजू म्हटलं की आधी धान्यच आठवतं. माफ करा.

माझं आवडतं पात्र वेगळंच. इंग्रजांना मांस पुरवणारा एक म्हातारा खाटीक होता. वर्षानुवर्षांत खपलं नसेल एवढं मांस थोड्या दिवसांत फस्त करणारी ही माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो गड चढून आला! असा माणूस तुमच्या जादूच्या राज्यांत मला अजून भेटलेला नाही.

उद्या रायगडावर बाजारपेठेची उंच जोती दिसतील. घोड्यावर बसूनच खरेदी व्हायची, असं वाटाडे सांगतील. जाणकार त्यावर भांडतात. तुम्ही निवांत बघा. गाडी पहाटे सहाला सुटेल. रोपवेला रांग असते, तेव्हा उशीर नको. आणि आता आधी जेवून घ्या, भाकऱ्या गरम आहेत.