आमचे आजोबा महाडला नव्हते

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला विषय दिला आहे, 'आमच्या वाडवडिलांचे चळवळीतील योगदान'. आम्ही शाळा शिकलो ती नववीपर्यंत. पुढचे जे काही वाचन झाले ते याच विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर, तिसरी पाळी करून आल्यावर. तेव्हा भाषेत उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. मजकुरात मात्र आज उणेअधिक करायचे नाही असे ठरवून आलो आहोत. कारण ते एकदा झालेले आहे आणि छापूनही आलेले आहे.

विहाराची १९९६ सालची स्मरणिका ज्यांच्या घरी असेल त्यांनी काढून बघावी. त्यात आमच्या आजोबांचा फोटो आहे. फेटा, पांढऱ्या मिशा. खाली छापले आहे, 'चवदार तळे सत्याग्रही'. तो मजकूर आम्हीच लिहून दिला होता. तो खोटा आहे, आणि लिहिताना तो खोटा आहे हे आम्हाला माहीत होते.

आता सगळे सांगतो.

१९८८ साली आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात साचेखात्यात उभे राहिलो. घरी आल्यावर आईने पेढे वाटले. आजोबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले, कॉटवर बसून असायचे. त्यांनी विचारले, "कुठच्या खात्यात?" आम्ही म्हटले, "साच्यावर." त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही. रात्री जेवणे झाल्यावर म्हणाले, "सगळी बसा. मला बोलायचं हाय."

दहा बाय बाराची आमची खोली. आजी, आबा, आई, आम्ही आणि बहीण. आजोबा आयुष्यभर मुके म्हणावे इतके कमी बोलणारे. त्या रात्री दोन तास बोलले.

आधी साच्याची गोष्ट. आजच्या मुलांना ही माहीत नसेल म्हणून थोडे फोडून सांगतो. मागावर धोटा असतो, त्यात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची, आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत. पगार जास्त तिथे आपण नाही. आपण त्रासन खात्यात, बॉबिना काढायला, झाडलोटीला. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. संप कामगारांचा, एकजूट कामगारांची, आणि धोट्याला मात्र जात! हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. ते आपल्याच कॉटवर बसलेले आहे हे ठाऊक नव्हते.

आजोबा मुंबईला आले १९३० च्या आसपास. आपल्या कोकणातली आडनावे तुम्हाला माहीत आहेत. मराठ्यात तेच, कुळवाड्यात तेच, आपल्यात तेच. त्या आडनावावर आजोबा एका गिरणीत साचेखात्यात हरकाम्या म्हणून लागले. मुकादमाने विचारले, "कुठले?" म्हणाले, "मंडणगडकडचा." "कोण?" म्हणाले, "कुळवाडी." तीन महिने बघून बघून काम उचलले. मग एक साचेवाला आजारी पडला आणि त्याच्या जागी यांना उभे केले.

अकरा दिवस.

"अकरा दिवस दोन साचे चालवले," आजोबा म्हणाले. "एक पण कापड खराब गेलं नाय." हे सांगताना म्हातारा ताठ बसला होता. आम्ही त्यांना तसे कधी पाहिले नव्हते.

बाराव्या दिवशी गावाकडचा एकजण खात्यात आला आणि त्याने ओळखले. मारहाण झाली नाही. आजोबांनी तोंड लावलेले धोटे गोळा करून बाजूला टाकले, आणि ज्याने त्यांना काम शिकवले होते तोच नळावर जाऊन चुळा भरत बसला. आजोबा म्हणाले, मारलं असतं तर बरं झालं असतं, ते विसरलो असतो. दुसऱ्या गिरणीत गेले ते त्रासन खात्यात, आणि तिथेच म्हातारे झाले. साच्याकडे परत वळले नाहीत.

आजी म्हणाली, "पन्नास वर्षं संसार केला, माझ्याकडं पण बोलला नाहीत?" आजोबा म्हणाले, "काय बोलू? बापाची जात चोरली म्हणून सांगू?"

आम्हाला वाटले, संपले. मग ते आबांकडे वळले आणि म्हणाले, "आणि एक. मी महाडला नव्हतो रे."

आमच्या घरात महाड म्हणजे काय होते हे कसे सांगावे! आबांची नोकरी १९८२ च्या संपात गेली. घरात पैसा नव्हता, पण महाड होते. आमचा बाप चवदार तळ्यावर होता, हे आबा युनियनच्या सभेत सांगत, इथे विहारात सांगत, रेशनच्या लायनीत सांगत. (महाडला जेवढी माणसे होती त्याहून जास्त आता आपल्या चाळीचाळीत निघतील. हसू नका, आम्ही त्यातलेच.)

खरे असे होते. महाडला गेले ते आजोबांचे थोरले बंधू. मार्च १९२७ ची परिषद, तारीख १९ आणि २०. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे असतील, नक्की जन्मतारीख कुणी लिहून ठेवली होती? त्यांनाही जायचे होते. पण गावकीचे काम त्या आठवड्यात आमच्या घरावर होते. बाप म्हणाला, दोघे गेलात तर खोत उंबरा मोडील, एकाने राहा. धाकटा राहिला. आणि नेमकी खोताची म्हैस मेली.

"बाबासाहेब तळ्याचं पाणी वंजळीत घेत होते," आजोबा म्हणाले, "त्या दिवशी मी खोताची म्हैस वढत होतो."

हे वाक्य बोलल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग पेढा उचलून बहिणीच्या हातावर ठेवला.

थोरले आजोबा चालत परत आले ते डोक्याला फडके बांधून. देवळात शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला होता, त्यात त्यांना लागले. परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले होते. थोरल्याने धाकट्याच्या अंगाचा वास ओळखला, पण रागावला नाही. एवढेच म्हणाला, "उद्यापासून वढायची नाय." आणि ओढली नाही. खोताने जे करायचे ते केले. दोन पावसाळ्यांनी थोरले आजोबा तापाने गेले. लग्न झालेले नव्हते, मागे कोणी नाही. त्यानंतर धाकटा मुंबईला आला.

गोष्ट अंगावर कशी चिकटली तेही त्यांनी सांगितले. पुढे एका भीमजयंतीला चाळीच्या पटांगणात कोणीतरी भाषणात म्हणाले, यांच्या घरातले माणूस महाडला होते. पुढच्या वर्षी 'घरातले माणूस' गळून पडले. तिसऱ्या वर्षी गळ्यात हार. "हार पडला तेव्हा बोलायला पायजे होतं," ते म्हणाले. "नाय बोललो. भावाचा हार मी घातला."

आबा उठून उभे राहिले. एवढेच म्हणाले, "हे खोलीबाहेर जाणार नाही." आजोबा १९९१ साली गेले. १९९६ ची स्मरणिका निघाली तेव्हा आबांनी सांगितले आणि आम्ही लिहिले. सगळा दोष आबांवर टाकत नाही. आम्हालाही ते हवे होते. सत्याग्रहीचा नातू म्हणून या व्यासपीठावर आम्हाला खुर्ची मिळत गेली आणि आम्ही ती घेत गेलो.

आज आबाही नाहीत. आमची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. आम्ही घरी बसलो आणि आम्हीही आजोबा झालो. नात तिसरीत आहे. शाळेत कुटुंबाची माहिती लिहून आणायला सांगितली होती. तिने स्मरणिका काढली, फोटोखालचे वाचले आणि आम्हाला विचारले, "खापरपणजोबा पाणी प्यायले, ते कसं लागलं? खरंच चवदार होतं?"

आम्ही काय सांगणार? तिला म्हटले, वही मीट, आधी ऐक. मग म्हशीपासून सुरुवात केली. तिने मध्येच विचारले, मग मोठ्या भावाचं नाव काय? आणि बंधूंनो, ते नाव आम्हाला आठवेना. गावी फोन करून चुलत्यांकडून घ्यावे लागले. घरात इतकी वर्षे महाड नांदत होते आणि महाडला गेलेल्या माणसाचे नाव घरात कुणाला ठाऊक नव्हते.

तर कमिटीला आमची विनंती अशी. यंदाच्या स्मरणिकेत आजोबांचा तोच फोटो परत छापावा आणि खाली लिहावे: 'गिरणी कामगार, त्रासन खाते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात सामील. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी, पत्नीसह धम्मदीक्षा.' हे तिन्ही खरे आहे, आजीनेही सांगितलेले आहे. जागा असेल तर 'अकरा दिवस साचेवाला' हेही घालावे, त्यांना आवडले असते. त्याच्या शेजारी थोरल्या आजोबांचे नाव आणि 'महाड, १९२७'. त्यांचा फोटो नाही. नाव चिठ्ठीवर लिहून आणले आहे, ते अध्यक्षांकडे देतो.