बाबा पदमनजी : पाळक आणि लेखक



बाबा पदमनजींचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात बहुधा एका वादापुरते येते. ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानावी की नाही? परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, विद्यार्थी १८५७ हे साल लिहितो आणि विषय संपतो. मला आज त्या वादात शिरायचे नाही. हा लेखक पुढे पाळकही झाला आणि ही गोष्ट बाजूला ठेवून त्याचे लेखन पुरते उमगत नाही, एवढेच मांडायचे आहे.

बाबा आपल्या बेळगावचे. जन्म १८३१चा. शिक्षण इथल्या मिशनच्या शाळेत आणि पुढे मुंबईत. १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे घर, जात आणि पंगत यांना एकाच दिवसात मुकणे. १८६७ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुण्यात त्यांनी मंडळीची सेवा केली.

पाळकाचे काम रविवारच्या उपदेशाने संपत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, लग्न लावायचे, मूठमाती द्यायची, घरोघरी जाऊन विचारपूस करायची. ज्याला आप्तांनी टाकले, त्याला मंडळी हेच गोत. म्हणून विधवा आणि अनाथ यांची चिंता पाळकाच्या दाराशी आपोआप येते.

आता ‘यमुनापर्यटन’ पुन्हा उघडा. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. पुस्तक त्यानंतरच्या वर्षीचे. कायदा झाला, पण घरातली बाई होती तिथेच राहिली. यमुना आणि तिचा नवरा गावोगाव फिरतात, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकतात. पुढे यमुनेवरही तीच वेळ येते. कथानक सैल आहे असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण मला त्या सैल रचनेत घरभेटींचा क्रम दिसतो. एका दारी बसावे, ऐकून घ्यावे, मग पुढच्या दारी जावे. पाळकपद मिळण्याच्या दहा वर्षे आधी बाबांनी हे काम कागदावर सुरू केले होते.

या पुस्तकाला धर्मप्रसाराचा हेतू आहे, हे लपवण्याचे कारण नाही. बाबांनी सुचवलेला मार्ग वाचकाला पटेलच असे नाही. मात्र उपाय पटला नाही म्हणून व्यथाही खोटी ठरत नाही. आपण एक तर ‘मिशनरी पुस्तक’ म्हणून ते दूर ठेवतो, नाही तर ‘पहिली कादंबरी’ म्हणून हार घालतो. दोन्हींत वाचणे टळते.

भाषेसाठीही त्यांनी श्रम घेतले. मोल्सवर्थच्या कोशाची त्यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती १८६३ची. नवशिक्या माणसाच्या हाती शब्द पडावा, हीदेखील सेवाच होती. १९०६ साली ते वारले.

सीमाभागात आपण मराठीच्या हक्काविषयी बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. पण ही भाषा कोणाकोणाची, हे आधी आपल्या मनात स्पष्ट हवे. बाबांना ख्रिस्ती म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवले, तर बेळगावच्या मराठीचा एक दालनभर वारसा आपणच कुलूपबंद करू. माझ्या विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगतो: वाद नंतर घाला, आधी पुस्तक वाचा. त्यातल्या विधवा अजून बोलत आहेत.