एम सी एम एक्स आय म्हणजे किती?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर इंग्रजीत एक लेख कोरलेला आहे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरले, त्याची ती नोंद. तारीख २ डिसेंबर. सालाच्या जागी मात्र पाच अक्षरं: एम, सी, एम, एक्स, आय.

रोमन अंकांची अक्षरं सातच. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. डावीकडून वाचत जायचं. पुढचं अक्षर तेवढंच किंवा लहान असेल तर हातातलं मिळवायचं, मोठं असेल तर वजा करायचं. गेटवेवरच्या पहिल्या एमचे झाले १०००. नंतरच्या सीपुढे मोठा एम उभा आहे, म्हणून हजारातून शंभर गेले, राहिले ९००. एक्सचे १०, आयचा १. एकूण १९११.

हे साल राजाच्या आगमनाचं, कमानीचं नव्हे. पायाभरणी १९१३ची, आणि कमान खुली व्हायला १९२४ उजाडलं. राजा उतरला तेव्हा तिथे ती नव्हतीच!

वजाबाकीलाही शिस्त आहे. आय फक्त व्ही आणि एक्समधून वजा होतो, त्यामुळे ९९ लिहिताना आय सी चालत नाही. एक्स सी, आय एक्स असं लिहावं लागतं. खुद्द रोमन लोक मात्र एवढे काटेकोर नव्हते. रोममधल्या कलोसियमच्या ४४व्या दरवाजावर चाळीससाठी एक्स एल अशी वजाबाकी आहे आणि लगेच चारसाठी सरळ चार आय. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवरही बहुधा हेच चार आय दिसतात. लंडनचं बिग बेन त्याला अपवाद.

१८८८ हे साल लिहायला तेरा अक्षरं लागतात, २०००ला दोन एम पुरतात. इथे अक्षर कुठेही बसलं तरी त्याची किंमत तीच. एकं-दहं-शतक नाही, शून्य नाही. असे आकडे एकाखाली एक मांडून गुणाकार कसा करणार? म्हणून युरोपातले व्यापारी हिशेब करायचे गणनफळ्यावर सोंगट्या सरकवून आणि उत्तर तेवढं रोमन अक्षरांत लिहायचे.

पिसाच्या फिबोनाचीने १२०२मध्ये ‘लिबेर अबाची’ या ग्रंथात भारतीय अंकांची रीत समजावून सांगितली. तरीही १२९९मध्ये फ्लोरेन्सच्या सराफ संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली. रकमा अक्षरांत लिहा, असा नियम केला. शून्याला एक शेपटी जोडली की त्याचा सहा किंवा नऊ होतो, ही धास्ती त्यामागे असावी, असं सांगितलं जातं. आपल्या बँकांच्या चेकवरही रक्कम अंकांसोबत अक्षरी लिहावीच लागते.