कडा, दोर आणि घरटे

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडा फुहारा येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



बडा फुहाऱ्याच्या बाजारात पाऊल टाकायला जागा नसते. कमानिया गेटकडून येणाऱ्याला खांदा तिरका केल्यावाचून पुढे सरकता येत नाही. अशा ठिकाणी बसून कड्याकपारींविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण याच गर्दीतून निघालेली स्कूटर अर्ध्या तासाच्या आत मदनमहालच्या टेकडीपाशी पोहोचते, आणि गेल्या साठ वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांचे गुडघे त्या टेकडीवरच्या खडकांवर एकदा तरी सोलवटलेले आहेत. विषय तेथूनच सुरू होतो.

मदनमहाल हा गोंडकाळातला छोटेखानी महाल एका अवाढव्य शिळेच्या पाठीवर उभा आहे. भोवतालचा सारा उतार ग्रॅनाइटच्या गोलसर धोंड्यांनी भरलेला. त्यांतील संतुलित शिळा तर शहराची ओळखच झाली आहे. खालच्या खडकावर ती इतक्या थोड्या जागेत टेकली आहे, की पाहणाऱ्याला तिची भीती वाटावी. 22 मे 1997 च्या मध्यरात्रीनंतर झालेल्या भूकंपाने जबलपुरात घरे पाडली, माणसे दगावली. ती शिळा मात्र जागची हलली नाही.

पूर्वी मुले या धोंड्यांवर अनवाणी चढत. आता काही तरुण खास बूट घालून, कमरेला खडूच्या पुडीची पिशवी बांधून आणि खाली जाड गादी टाकून चढतात. टोकियोच्या ऑलिंपिकपासून प्रस्तरारोहणाला त्या क्रीडासोहळ्यात स्थान मिळाले आहे; त्यामुळे हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे म्हणण्याची सोय पालकांना राहिलेली नाही. प्रश्न निराळाच आहे. ज्या भेगेत चढणाऱ्याची बोटे जातात, त्याच भेगेत आणखी कोणाचा तरी संसार असतो. ग्रॅनाइटच्या अशा टेकड्यांत घोरपड असते, वटवाघळे असतात, पाकोळ्या असतात. शृंगी घुबड खडकाच्या कडेखाली, उघड्या मातीवरच अंडी घालते. घरटे म्हणावे असे तेथे काही नसते, म्हणून ते बुटाखाली यायला वेळ लागत नाही. ठाकुरताल आणि नयागावच्या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्याही जबलपूरकरांनी वाचल्या आहेत.

घोरपडीचा उल्लेख निघाला, तर मराठी माणसाला सिंहगड आठवल्याशिवाय राहत नाही. तानाजी मालुसऱ्यांनी 1670 मध्ये कोंढाणा घेतला, तेव्हा कडा चढण्यासाठी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधला होता, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथा मानतात, आणि घोरपडीचे बळ पाहता ते योग्यही आहे. पण गंमत अशी, की ज्या प्राण्याला आपल्या लोककथेने पहिला गिर्यारोहक ठरवले, तोच आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे तर येतेच, पण अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरू शकतो. हे फार थोड्या आरोहकांना ठाऊक असते.

कड्यावरच्या रहिवाशांचा हिसका जबलपूरला जुना ठाऊक आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर आग्या मोहोळांची पोळी लोंबतात. एकोणिसाव्या शतकात नर्मदेवर पूल बांधण्याच्या विचाराने दोन इंग्रज अभियंते या घळईची पाहणी करीत असता धुरामुळे मोहोळ उठले. जीव वाचवण्यासाठी दोघांनी पाण्याचा आश्रय घेतला. त्यांतला एक बुडाला. कडा रिकामा आहे असे समजून चालणाऱ्याची चूक मधमाशा तत्काळ दाखवून देतात. घुबड आणि गिधाड मात्र काही बोलत नाहीत. ते उडून जातात, आणि चढणारा माणूस त्यांच्या भरारीचे छायाचित्र घेऊन आनंदाने घरी परततो. मागे अंडे थंड पडते.

गिधाडांचे दुःख येथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कडा आणि आरोहक यांचा वाद भारतात याच पक्ष्यावरून पेटला. लांब चोचीचे गिधाड कड्याच्या खोबणीत घरटे करते आणि वर्षाला एकच अंडे घालते. ते अंडे उबवण्यापासून पिलू उडेपर्यंत पाच महिन्यांच्या आसपास काळ जातो. नरमादी आळीपाळीने बसतात. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या पक्ष्यावर 1990 नंतरच्या काळात कुऱ्हाड कोसळली. ती आरोहकांच्या दोराची नव्हती. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2004 मध्ये हे कारण सिद्ध झाले, 2006 मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तोवर या जातीतले शंभरांतले पंचाण्णवांहून अधिक पक्षी नाहीसे झाले होते. मध्य प्रदेश या बाबतीत तुलनेने भाग्यवान. पन्नाच्या धुंधुवा सेह्यासारख्या घळयांत अजून गिधाडे घरटी करतात, आणि राज्यातील सर्व जातींच्या गिधाडांची संख्या 2019 च्या गणनेत सुमारे 8,400, तर 2021 मध्ये सुमारे 9,400 भरली. पण जेथे मूठभर जोड्या उरल्या आहेत, तेथे एक फसलेले अंडे म्हणजे त्या वर्षाची सारी कमाई जाणे होय.

तशी एक जागा म्हणजे बंगळूरजवळचे रामनगर. 1975 सालच्या ‘शोले’तील गब्बरसिंगाचे ते डोंगर पालकांच्या पिढीला वेगळे सांगायला नकोत. दक्षिणेतले आरोहक त्या ग्रॅनाइटवर वर्षानुवर्षे शिकत आले. 2012 मध्ये तेथील रामदेवर बेट्टा आणि परिसराचे सुमारे 346 हेक्टर क्षेत्र गिधाड अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि त्या डोंगरावर दोर लावणे संपले. आरोहकांना दुःख झाले. ते खोटे नव्हते. ज्या कातळावर माणूस भीती जिंकायला शिकतो, तो त्याला शाळेसारखा वाटतो. तरीही ही बंदी चुकीची म्हणता येणार नाही. चढणाऱ्यांना आसपासच्या दुसऱ्या टेकड्या मोकळ्या होत्या. गिधाडांपाशी ती निवड नव्हती. न्यायाचा निकष एवढाच लावला, तर पुष्कळ वाद मिटतात: दुसरी जागा कोणाजवळ आहे?

परदेशांत या वादाला निराळी वाट सापडली. ब्रिटनमध्ये आरोहकांची राष्ट्रीय संस्था पक्षिमित्रांशी बोलून ठरवते, की बहिरी ससाणा ज्या कड्यावर घरटे करतो तो कडा वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत बंद ठेवावा. पायथ्याशी फलक लागतो. पिले लवकर उडाली अथवा घरटे फसले, तर बंदी मुदतीआधी उठते. बंदी उठते हा विश्वास असल्यामुळेच ती पाळली जाते. जर्मनीतील फ्रँकेनयुरा भागात कातळांची तीन विभागांत वाटणी केली आहे: काही पूर्ण बंद, काहींवर फक्त जुने मार्ग, आणि काहींवर नवे मार्गही चालतात, मात्र माथ्यावरची वनस्पती तुडवू नये म्हणून दोर माथ्याच्या खालीच संपतो.

अमेरिकेतील योसेमिटीची हकिगत सर्वांत बोलकी आहे. डीडीटीमुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली होती, की उबवायला बसलेल्या मादीच्या भारानेच ती फुटत. 1978 मध्ये एल कॅपिटान या प्रचंड कड्यावर एक घरटे आढळले. तेथे पोहोचणार कोण? आरोहकच. त्यांनी दोरावरून जाऊन ती नाजूक अंडी उचलली, प्रयोगशाळेकडे सोपवली आणि पुढे घरट्यात पिले नेऊन ठेवली. 1999 मध्ये हा पक्षी त्या देशाच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. ज्याला कड्यावरून हाकलावे असे वाटत होते, त्याच्यावाचून त्या घरट्याचे काम अडले होते.

आता अडचणीचा मुद्दा. परदेशांतला हा ऋतुबंदीचा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येत नाही. तिकडे पक्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी घरटी करतात आणि आरोहकाला बाकीचे महिने उरतात. आपल्याकडे लांब चोचीच्या गिधाडाचा विणीचा काळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि पिले उन्हाळ्यात उडतात. शृंगी घुबडाची वीणही याच सुमारास. आणि खडकावर हात ठेवता येईल असे महिनेही तेच! वैशाखात जबलपूरचा ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो, आषाढात शेवाळाने निसरडा होतो. पक्षी आणि माणूस, दोघांनाही थंडीच हवी आहे. म्हणून काळाची वाटणी येथे पुरी पडत नाही. जागेची वाटणी करावी लागते. अमुक कातळ पक्ष्यांचा, तमुक मुलांचा, आणि ही विभागणी दरवर्षी पुन्हा पाहायची, कारण घरटी जागा बदलतात.

अशी वाटणी करायची तर कोणत्या खोबणीत काय आहे, हे कोणाला तरी माहीत असले पाहिजे. वनखात्याचा रक्षक खालून दुर्बीण लावतो; कड्याच्या पोटात तो लोंबकळत नाही. सह्याद्रीतल्या मराठी आरोहकांची परंपरा येथे उपयोगी पडावी. मुंबईची ‘गिरिविहार’ ही संस्था 1954 पासून काम करीत आहे. कान्हेरीच्या कातळांवर कित्येक पिढ्या शिकल्या, आणि तो परिसर तर राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पांढरे डाग, म्हणजे विष्ठेचे ओघळ, दिसले की वर घरटे किंवा बसण्याची जागा आहे, हे अनुभवी आरोहक लांबूनच ओळखतो. ते ज्ञान त्याच्या डोक्यात राहते, कागदावर येत नाही. बंदीच्या भीतीने तर ते मुद्दाम लपवले जाते: घरटे दिसले असे सांगितले आणि कडाच बंद झाला तर? सरसकट बंदीचा सर्वांत मोठा तोटा हाच, की ती साक्षीदाराला मुका करते. आणि सरसकट मोकळीक साक्षीदाराची गरजच संपवते.

मदनमहालच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. या टेकडीचा सर्वांत मोठा ऱ्हास आरोहकांनी केला नाही. तो घरांच्या अतिक्रमणाने आणि धोंडे फोडण्याने झाला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काही वर्षांपूर्वी उतारावरची वस्ती हटवली गेली. अनेक गरीब कुटुंबांना शहराबाहेर जावे लागले. टेकडी टेकडीसारखी राहावी म्हणून ज्यांनी घर सोडले, त्यांच्या तुलनेत एखादा धोंडा थंडीपुरता सोडून देणे ही आरोहकाने मोठी किंमत मानू नये. आणि ज्या खडकाला छिद्र पाडून बोल्ट ठोकायचा मोह होतो, तेथे हेही आठवावे, की या टेकडीला छिन्नीचे घाव आधीच पुष्कळ बसले आहेत. बुटक्या धोंड्यांवर खाली गादी टाकून चढताना बोल्ट लागतच नाही.

जबलपुरात गिधाडांचे मोठे कडे शहरालगत नाहीत, म्हणून येथे रामनगरसारखा निकराचा प्रसंग उद्भवलेला नाही. उद्भवण्याआधी करण्याजोगे काम लहान आहे. टेकडीवरचे जे पंधरा-वीस धोंडे मुले नेहमी चढतात, त्यांना नावे द्यावीत. नाव नसलेल्या दगडाविषयी नोंद करता येत नाही. दर कार्तिकात, चढाई सुरू होण्यापूर्वी, जीवशास्त्राचे शिक्षक, चढणारी चार मुले आणि वनखात्याचा एक कर्मचारी यांनी सकाळी फेरी मारावी. विष्ठेचे ओघळ, कपारीखालच्या उलट्यांतली हाडे-पिसे, पोळी, घोरपडीची बिळे पाहावीत. घुबड अंड्यावर असेल तर तीस पावलांवरूनच मागे फिरावे आणि तो धोंडा त्या वर्षापुरता वगळावा. फलक लावू नये. फलकाने घरट्याचा पत्ता सगळ्या गावाला कळतो. मुलांना तोंडी सांगावे, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत एक जाड वही ठेवावी. पक्ष्यांची मराठी नावे अडली, तर मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश ग्रंथालयाने मागवावा.

साठ वर्षांपूर्वी अशी वही सुरू झाली असती, तर त्या टेकडीवर तेव्हा कोण राहत होते, हे आज या सभागृहात कोणालाही वाचता आले असते. सभागृहात साठी उलटलेले माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणाला कोणत्या धोंड्याखाली घुबड पाहिल्याचे आठवत असेल, तर त्यांनी ते चहाच्या वेळी या मुलांपाशी लिहून द्यावे. वहीची पहिली पाने त्यांचीच असतील.